डेंडेराचं देऊळ

बहारीनच्या नईम वस्तीत राहणारी बिल्किस लग्नाआधी रत्नागिरीच्या शाळेत इतिहास शिकवायची. इजिप्तची देवळं एकदा तरी डोळ्यांनी पाहायची, हा एकच हट्ट तिने नवऱ्यापाशी, हुसेनपाशी, वर्षानुवर्षं धरला होता. अखेर १९८४ च्या सुट्टीत तो तिला घेऊन गेला. लक्सरहून आपल्यापुरती टॅक्सी ठरवून दोघं सकाळीच डेंडेराच्या देवळाकडे निघाली.

तिथं पोचल्यावर हुसेन गाडीतून उतरलाच नाही. "उन्हात दगड काय बघायचे? तू जाऊन ये गो," म्हणाला.

बिल्किस एकटीच आत गेली. खांबाखांबावर गाईचे कान असलेल्या देवीचे चेहरे होते. मान वर करून ती काजळी धरलेलं छत न्याहाळत होती, तोच टॅक्सीवाला बोलवायला आला. "यल्ला, मादाम. साहेब चिडलेत." मागची दालनं राहूनच गेली.

बहारीनला परतल्यावर पाहुणे आले की हुसेन त्या देवळाचं रसभरीत वर्णन करायचा. एकदा बिल्किसला राहवलं नाही. सगळ्यांदेखत ती म्हणाली, "तुम्ही तर आत आलाच नव्हतात."

पाहुणे हसले. हुसेनने कितीतरी दिवस अबोला धरला, आणि तो सुटला तेव्हा गोष्टच बदलली होती. "मी एकटाच आत गेलो," तो सांगायचा. "हिला ऊन सोसलं नाही. गाडीतच बसून राहिली."

मग पाहुण्या बायका हळहळायच्या, "एवढं लांब जाऊन काहीच बघितलं नाहीस?"

"नाही," असं म्हणून बिल्किस चहाचे कप उचलायची.