न मागितलेली परतफेड

आर्डेल फिलब्रुकनं कुणाचं काही फुकट घेतलेलं मला आठवत नाही. कुणी केक पाठवला, तर ताटली परत जायची ती काहीतरी भरूनच. अमेरिकेतल्या मेन राज्यातल्या आमच्या या बेटावर सगळेच थोडेफार असे आहेत, पण आर्डेलचं जरा अतीच. मी इथलं टपाल सांभाळते, त्यामुळे ज्याचं त्याचं खरं रूप मला आपोआप कळतं.

तिचा नवरा मर्ल शेवंडं धरायचा आणि ती त्याच्याच बोटीवर पिंजऱ्यांत आमिष भरायची. आमिषाच्या सडक्या हेरिंग मासळीचा वास तिच्या केसांतून कधी गेला नाही. एकुलती एक मुलगी टेस. पोर चुणचुणीत, पण पुस्तक पुढे आलं की चेहरा पांढराफटक. बेटावरच्या एका खोलीच्या शाळेत दुसऱ्यांचं ऐकून, पाठ करून तिनं वर्षं काढली. एक नवी मास्तरीण आली, तिनं ओळखलं. मग होडीनं पलीकडे, मुख्य भूमीवर नेऊन तपासणी झाली. डिस्लेक्सिया.

"म्हणजे ढ नाही ना ती?" मर्लनं विचारलं.

"ढ तू," आर्डेल म्हणाली. "तिला वेगळ्या रीतीनं शिकवावं लागतं, एवढंच."

पोर्टलंड शहराच्या पलीकडे अशाच मुलांची शाळा होती. आर्डेल टेसला घेऊन पाहून आली आणि थेट माझ्या खिडकीशी उभी राहून रडायलाच लागली.

"अगं, तिथली पोरं वाळूत बोटानं अक्षरं काढतात. चुकलं तरी कुणी हसत नाही. टेस म्हणाली, आई, मला इथंच ठेव."

जागा मिळाली, फीसुद्धा माफ झाली. सप्टेंबरात दोघींनी तिकडे खोली घेऊन राहायचं ठरलं.

घोडं अडलं ते आमच्या शाळेपाशी. मुलं तीनच उरलेली, टेस आणि लोर्ना एम्सच्या दोघी मुली. एक जरी कमी झालं तर शाळा बंद, असं गावसभेत आधीच ठरलेलं. शेजारच्या बेटाची शाळा गेली, तेव्हा तिथं म्हातारे आणि मांजरं तेवढी राहिली. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आर्डेल माझ्याकडे टपाल न्यायला आली होती, तेवढ्यात लोर्ना तणतणत आली. "तू गेलीस तर माझ्या पोरींनी कुठं जायचं?"

"आणि नाही गेले तर माझ्या पोरीनं?"

"ती काय मरायला टेकलीय? वाचता येत नाही, इतकंच ना. मर्लला तरी कुठं धड येतं!"

"लोर्ना, तुझ्या पोरी वाचतात म्हणून तुझी जीभ चालतेय," मी म्हटलं. तिनं कितीतरी दिवस माझ्याशी अबोला धरला. मला जरा शांतता मिळाली.

ऑगस्टमध्ये मर्लचा हात दोरात सापडला आणि खांदा निखळला. ऐन हंगाम. आमच्याकडे माणूस पडला की बाकीचे आधी त्याचे पिंजरे ओढतात, मग स्वतःचे, आणि विकलेल्या मालाचे पैसे त्याच्या घरी पोचवतात. लोर्नाचा नवरा सगळ्यांत पुढे. शाळेचा शब्दही कुणी काढला नाही. खरं सांगते, तो कुणाच्या मनातही नव्हता. उद्या आणखी कुणी पडला असता तरी हेच झालं असतं. याची परतफेड करायची नसते, आपली पाळी आली की आपणही जायचं असतं.

आर्डेल मात्र माझ्या खिडकीशी येऊन ठेपली.

"ज्यांनी मर्लचे पिंजरे ओढले, त्यांचीच शाळा बंद पाडू? कोणत्या तोंडानं?"

"अगं बाई, त्यांनी पिंजरे ओढले. तुझी पोर नाही मागितली."

"मागितली असती तर तोंडावर नाही म्हटलं असतं मी. मागितलीच नाही, मग नाही तरी कुणाला म्हणू?"

तिनं पोर्टलंडला नकार कळवून टाकला. टेसला सांगितलं, पुढच्या वर्षी जाऊ. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

पुढच्या वर्षी मर्लचा खांदा पुन्हा दुखायला लागला आणि गावकरी पुन्हा धावले. मास्तरीण बदलून गेली. लोर्नाच्या मुली टेसचा अभ्यास लिहून द्यायच्या, अगदी मायेनं. सगळेच तिला सगळं वाचून दाखवायचे. पोर हळूहळू बोलायचीच कमी झाली.

आणि मग एम्स मंडळीच निघाली. थोरलीला बास्केटबॉल खेळायचा होता, बेटावर संघ कुठला?

"पोरींना मैत्रिणी नकोत का गं?" लोर्ना धक्क्यावर डोळे पुसत म्हणाली. आर्डेलनं तिची खोकी होडीत चढवली. त्या महिन्यात शाळेला कुलूप लागलं.

आर्डेलनं माझ्याच इथून पोर्टलंडला फोन केला. टेस बाजूला उभी होती, बापासारखे रबरी बूट घालून. ती शाळा बारा वर्षांपर्यंतचीच मुलं घ्यायची. टेसला तेरा पुरी झालेली. आर्डेलनं पलीकडच्या बाईंचे दोनदा आभार मानले.

"घेत नाहीत ना?" टेसनं विचारलं.

"नाही गं राणी."

"तेव्हा एम्सकाकांनी बाबांचे पिंजरे ओढले, म्हणून आपण राहिलो ना?"

"हो."

"मग ते कसे गेले?"

आर्डेलनं फोनचे पैसे मोजून माझ्यापुढे ठेवले.