टपालाचं मत

मत टाकायची जागा मला पहिल्यापासून आवडायची. गावातल्या शाळेच्या खोलीत, कोपऱ्यात टेबल ठेवून त्याला पोत्याचं तरट लावायचे. तरटाच्या आत गेलं की कुणाला काही दिसत नाही. लग्न झाल्यापासून अशी जागा मला दुसरी माहीत नव्हती. न्हाणीत असले तरी बाहेरून कुणीतरी हाक मारायचंच. पहिल्या वेळी शिक्का मारून झाला तरी मी आत तशीच उभी राहिले, तर बाहेरून साहेब ओरडले, "बाई, झोप लागली का आत?" सगळी खोली हसली. मला लाज वाटली, पण आतला तो गारवा लक्षात राहिला.

मी गावच्या अंगणवाडीत मदतनीस होते. खिचडी शिजवायची, लेकरांचे हात धुवायचे, झाडून घ्यायचं. चौथी पास असल्यामुळे ते काम मिळालं होतं.

त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या काही जागा बायकांसाठी ठेवल्या होत्या, आणि आमच्या गटाची जागा त्यात आली. माझे भाया, म्हणजे मालकांचे मोठे भाऊ, यांना स्वतःला उभं राहायचं होतं. ते जमेना, म्हणून त्यांनी आक्काला उभं केलं. आक्का म्हणजे त्यांची बायको, माझी मोठी जाऊ. तिला ही बातमी बांगड्या भरायला आलेल्या कासारणीनं सांगितली.

आक्काच्या विरोधात उभी राहिलेली बाई माझ्या माहेरची. चौथीपर्यंत आम्ही एका तरटपट्टीवर बसलो. माझी शाळा बंद केली तेव्हा ती एवढीशी पोरगी आमच्या घरी येऊन माझ्या बापाला म्हणाली होती, "काका, हिला पाठवा की. ही गेली तर मी कुणापाशी बसू?" बापानं तिला गूळ-शेंगदाणे देऊन वाटेला लावलं. माझ्यासाठी बोलायला तेवढी एकच आली होती. मी मनात ठरवलं की माझं मत तिला. कुणाला सांगायचं नव्हतं. तरटाच्या आत कोण बघतंय?

आणि मग मला निवडणुकीची ड्यूटी लागली. बायकांच्या बोटाला शाई लावायला बाई माणूस पाहिजे, म्हणून अंगणवाडीच्या बायकांना घेतलं होतं. गाव मिळालं मानवतच्या पलीकडचं. तहसीलला पहिलं शिकवणं झालं. साहेब म्हणाले, "ज्यांची ड्यूटी दुसऱ्या गावाला हाय, त्यांनी टपालानं मत द्यायचं. अर्ज भरा, यादीतला नंबर लिहा. मतपत्रिका घरी येईल."

घरी येईल, हे ऐकलं आणि अर्ज भरता भरता मला आमची ओसरी दिसली.

साहेबांनी सगळं नीट समजावलं. नावासमोर पेनानं फुली मारायची. मतपत्रिका लहान लिफाफ्यात घालून चिकटवायची. प्रतिज्ञापत्रावर सही साहेबासमोर करायची, मग ते आणि लहान लिफाफा मोठ्या लिफाफ्यात. पुन्हा म्हणाले, "फुलीशिवाय कागदावर काही नको. सही नको, अंगठा नको, खूण नको, डाग नको. ओळखू येईल असं काही दिसलं की मत बाद."

लिफाफा आला तेव्हा मी चुलीपाशी होते. टपालवाल्यानं तो ओसरीवर भायांच्या हातात दिला. आमच्यात भायासमोर बोलायचं नाही. डोक्यावरचा पदर पुढं ओढून दाराआड उभं राहायचं, त्यांच्या हातातून काही घ्यायचं नाही, त्यांच्या हातात काही द्यायचं नाही. मला काही हवं असलं तर मालकांना सांगायचं, मालक त्यांना सांगणार. लिफाफ्यावर माझं नाव होतं आणि तो मागायची मला सोय नव्हती.

भायांनी तो फोडला. "हे बघा, पहिलं मत घरातलंच आलं!" ते मोठ्यानं म्हणाले. ओसरीवरची माणसं हसली. एक जण म्हणाला, "दादा, धाकट्या वहिनीला विचारा तरी, कुणाला द्यायचंय."

"तिला काय विचारायचं? तिनं काय बाहेरच्याला द्यायचंय व्हय?" असं म्हणून त्यांनी खिशातला पेन काढला. आक्काचं नाव वाचलं आणि फुली मारली. मालक बाजूला बसले होते. त्यांनी दाराकडं एकदा पाहिलं आणि तंबाखू मळायला लागले.

मग आत्याबाई उठल्या. माझ्या सासू. घरात नवा कागद आला की आधी देवापुढं, ही त्यांची रीत. लग्नाची पत्रिका असो, पोराचं पहिलं पुस्तक असो, त्याला हळदकुंकू लागणारच. "आण रे इकडं. सुनंच्या नावाचा पहिला कागद हाय, असाच कोरडा पाठवतूस व्हय?" त्यांनी मतपत्रिका देवघरात नेली, ओल्या बोटानं आधी हळद लावली, वर कुंकू लावलं. आक्काच्या नावाच्या शेजारीच ठसठशीत बोट उमटलं.

मी दाराआडून बघत होते. साहेबांचं बोलणं जसंच्या तसं माझ्या कानात होतं. माझ्याशिवाय घरात कुणालाही ते माहीत नव्हतं. भायांनी कागद घडी करून लहान लिफाफ्यात घातला, भाताच्या शितानं चिकटवला आणि म्हणाले, "लय चांगलं केलं, आई."

दुसऱ्या शिकवण्याला मालक माझ्यासोबत आले. विद्यापीठाचं नाव बदलायच्या वादावरून तेव्हा कधी बंद पुकारतील आणि यष्टी कुठं अडकेल याचा नेम नव्हता, म्हणून बायकांना एकटं पाठवत नसत. तहसीलात सहीसाठी रांग लागली. मालक माझ्या खांद्याशी उभे. टेबलावरचे साहेब प्रत्येकाला विचारत होते, "मतपत्रिका ठीक हाय ना? कुणाची खराब झाली असली तर आणा, बदलून देतो. हितंच फुली मारा, हितंच बंद करा."

बदलून देतो. रांग पुढं सरकत होती आणि मी तेच घोकत होते. साहेब, माझी खराब झाली. एवढं म्हटलं की नवी कोरी मतपत्रिका हातात येणार. पण ती भरायची कुठं? याच टेबलावर, मालकांच्या पेनानं, मालकांच्या डोळ्यांसमोर. तिथं तरट नव्हतं. मी फुली आक्काच्या नावासमोरच मारली असती, आणि या वेळी तिच्यावर कुंकू नसतं. ती मोजली गेली असती.

बोलले तर माझं मत त्यांचं. गप्प राहिले तर कुणाचंच नाही. तिसरं काही मला सापडेना.

"बाई, तुमची ठीक हाय ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय," मी म्हणाले आणि सही केली.

मालकांनी मोठा लिफाफा स्वतःच्या हातानं पेटीत टाकला. परत येताना स्टँडवर त्यांनी मला उसाचा रस पाजला. खूश होते.

मतदानाच्या दिवशी मी त्या परक्या गावात दिवसभर शाई लावली. एकेक बाई पदर सावरत यायची, बोट पुढं करायची आणि तरटाच्या आत जायची. एक म्हातारी आतून लवकर येईना. आमचा अधिकारी बोलवायला उठला तर माझ्या तोंडून निघून गेलं, "राहू द्या साहेब, येतील त्या." त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि खाली बसला. दिवसभरात मी तेवढंच बोलले.

आक्का निवडून आली, लय मतांनी. मीटिंगला भाया जायचे, आक्का सह्या करायची.

मतदान झालं त्या रात्री मी घरी परतले तेव्हा आक्का चुलीपाशी एकटीच बसली होती. कुपीतली शाई सांडून सांडून माझी पाची बोटं काळी झाली होती. आक्कानं माझा हात हातात घेतला आणि हसली. "बया, पाच मतं टाकलीस काय मला?"

मीही हसले. मग ती हळूच म्हणाली, "मी कुणाला टाकलं, ते इचार की."

मी विचारलं नाही. तिच्या बोटावरची शाई बघितली, आणि ताटात भाकरी वाढायला घेतली. ती तरटाच्या आत जाऊन आली होती. ते तिचं तिच्यापाशी राहावं, असं मला वाटलं.