प्रेमदासला जाग आली तेव्हा

वडनेरच्या प्रेमदासला मॅट्रिकच्या वर्षी मुदतीचा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. उजव्या कानानं काहीच नाही, डाव्याशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार. आईनं, तानाबाईनं, पोरासाठी सगळे झाडपाले करून पाहिले. गुण आला नाही. तशाच कानांनी तो मॅट्रिक पास झाला आणि घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच्या दुसऱ्या वर्षी वर्ध्याच्या कॉलेजात निघाला.

"बहिरा हायेस म्हनून कोनाले सांगजो नको," मोटारीत बसवताना बाप, कवडू, त्याच्या कानाशी ओरडला. "घेनार नाईत तुले." मोटारीतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

प्रेमदासनं बापाचं म्हणणं पाळलं. पहिल्या बाकावर बसायचं, सरांच्या ओठांकडे बघायचं, उरलेलं पुस्तकातून काढायचं. कोणी काही विचारलं आणि कळलं नाही, की हसून मान डोलवायची. दिवस कसाबसा निभायचा.

निभत नव्हती ती सकाळ. तास सकाळचे. होस्टेलच्या आवारात निंबाच्या झाडाला रुळाचा तुकडा टांगलेला होता. चौकीदार रूपराव पहाटे तो ठोकायचा आणि पोरं शिव्या देत उठायची. प्रेमदास तसाच पडलेला. त्याला उठवायचं ते उन्हानं, तोवर खोल्या रिकाम्या. इतके तास बुडाले की एकदा सरांनी त्याला वर्गात उभं करून काहीतरी सुनावलं. पोरं हसली. प्रेमदासनं मान डोलवली, तशी आणखी हसली.

मग त्यानं निजताना तांब्याभर पाणी पिऊन पाहिलं, म्हणजे लघवीसाठी तरी जाग येईल. जाग यायची, पण भलत्याच वेळी. पुन्हा डोळा लागेल या धास्तीनं तो उजाडेपर्यंत बसून राहायचा आणि वर्गात पेंगायचा.

शेवटी न राहवून त्यानं रूपरावला सांगितलं. म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला. त्याच्या कानाशी येऊन म्हणाला, "अरे, मंग आधी काऊन नाई सांगतलं?"

दुसऱ्या दिवसापासून रूळ ठोकून झाला की रूपराव खिडकीतून काठी घालून त्याच्या पायाला ढोसायचा. प्रेमदास डोळे उघडायचा, हात वर करायचा, मगच म्हातारा पुढं जायचा. ते वर्ष प्रेमदास सुखानं झोपला.

उन्हाळ्यात रूपरावला लू लागली आणि तो गेला. नव्या चौकीदाराला सांगायचा धीर प्रेमदासला झाला नाही. त्यानं त्या वर्षी खोलीत आलेल्या अच्युतला सांगितलं, तेही कोणाला न सांगायची शपथ घालून. अच्युत आर्वीचा, मनानं चांगला. रोज आठवणीनं हलवायचा.

इंटरच्या परीक्षेत इंग्रजीच्या पेपरालाही त्यानं हलवलं. प्रेमदास उठून बसला, "हो, उठलो" म्हणाला. पाठ केलेलं पुटपुटत अच्युत निघून गेला. प्रेमदास बसल्या जागी कलंडला, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

जाग आली तेव्हा ऊन खाटेवर चढलं होतं.

शर्टाची बटणं लावत तो धावत सुटला. हॉलच्या दाराशी सुपरवायझर उभे होते. मिशा ओठांवर उतरलेल्या. त्यांनी काहीतरी विचारलं. प्रेमदासला धाप लागलेली, ओठ दिसेनात. त्यानं मान डोलवली. त्यांनी पुन्हा विचारलं, जरा वाकून, समजुतीनं. प्रेमदासनं पुन्हा डोलवली. त्यांनी हात पसरले आणि दार लावून घेतलं.

दुपारी अच्युत खोलीवर आला. हॉलमध्ये त्याचा बाक दाराजवळच होता. प्रेमदासच्या कानाशी बसून तो ओरडत होता आणि त्याचा आवाज फाटत होता. "आजारी नव्हतास ना, नुसता झोपून राहिलास ना, असं विचारत होते रे! आजारी म्हणाला असतास तर घेणार होते. दोनदा विचारलं. तू सरळ हो म्हणालास!"

प्रेमदासनं त्याचा खांदा धरला.

"तू कायले नाई सांगतलं त्यायले? मले आयकू येत नाई म्हनून?"

"तूच शपथ घातली होतीस."

अच्युतला उद्याच्या पेपराचं वाचायचं होतं, तरी पुस्तक उघडायला त्याचा हात धजेना. प्रेमदासनंच ते उचलून त्याच्यासमोर ठेवलं आणि स्वतःची वळकटी बांधायला घेतली. उरलेले पेपर त्यानं दिले नाहीत.

"पुढच्या साली जाजो," घरी कवडू त्याच्या कानाशी म्हणाला. "या खेपेले मी येतो संगं. सांगून टाकू साहेबायले."

"आता नाई जात, बा," प्रेमदास म्हणाला.

दिवाळीनंतर तो हिंगणघाटला कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला लागला. ऐकू येत नाही हे त्यानं पहिल्याच दिवशी मुकादमाला सांगून टाकलं. मुकादमानं ते मनावरही घेतलं नाही. सरकी काढणाऱ्या रेच्यांच्या त्या गदारोळात तिथं सगळेच हातांनी बोलत. हवेत उडणारे कापसाचे बारीक तंतू छातीत बसायचे, संध्याकाळी माणसं खोकत बाहेर पडायची. वडनेरच्या घरात कॉलेजचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही.