पाटीभर माती

भरती-ओहोटीचे नियम चंद्राखालोखाल जर कोणी निष्ठेने पाळीत असेल, तर ते माझे व्याही होत, असे मी पूर्ण जबाबदारीने नमूद करतो. तहसील कचेरीबाहेर अर्ज लिहिण्यात माझी हयात गेली. नाना स्वभावांचे अर्जदार पाहिले. परंतु कामोठ्यात चौथ्या मजल्यावर राहून खाडीच्या उधाणापायी स्वतःच्या मुलाच्या लग्नाची पंगत सोडणारा इसम दुसरा पाहिला नाही. वधूपिता या नात्याने मी जाब विचारला, तेव्हा म्हणाले, "व्याहीबुवा, पुनव हाय ना. बांध बघून आलो." सदर बांध आता अस्तित्वात नाही. तेथे त्यांच्या सोसायटीचे पार्किंग आहे.

त्यांचे वडील व गावचे काही जण लढाईवरून परतले आणि ज्या खारट जमिनीवर गवतही रुसून बसे, तिला बांध घालून त्यांनी तेथे प्रथम भात पिकविले. नियम एकच: अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला घरटी पाटीभर माती बांधावर पडलीच पाहिजे. कालांतराने शेते गेली, इमारती आल्या. या जवानांचे स्मारक व्हावे म्हणून व्याह्यांनी माझ्याकडून इतके अर्ज लिहवून घेतले, की माझी भाषा त्यामुळेच सुधारली असे ते चारचौघांत सांगतात. ते खरे नाही. अखेर पार्किंगच्या कोपऱ्यात स्मारक मंजूर झाले. मूर्तिकाराने जवानाच्या हाती बंदूक दिली, तेव्हा व्याही अडून बसले. "बंदूक सरकारला देऊन आला माजा बापूस. हातान पाटी द्या त्याच्या." पाटी मिळाली, सिमेंटची. व्याही दर उधाणाला तीत खरी माती टाकू लागले.

"काका, टेन्शन देता राव," सोसायटीचे सेक्रेटरी वैतागले. "स्मारकावर चिखल कोण टाकतं?"

"बांधावर टाकतात," व्याही शांतपणे म्हणाले.

स्मारक अन्यत्र हलवावे, असा अर्ज सेक्रेटरींनी माझ्याकडूनच लिहवून घेतला. हलवू नये, असा व्याह्यांनी. त्या दिवसापासून व्याह्यांना घास गोड लागेना. मी धंद्याचा धर्म सोडला नाही. दोन्ही अर्ज इतके सरस उतरले, की कचेरीला अद्याप निर्णय देता आलेला नाही.

यंदा व्याह्यांच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला. मागील अमावास्येस दुपारी मी त्यांच्याकडे जेवायला होतो. पाने वाढली गेली, तरी ते बसेनात. शेवटी गॅलरीचा कठडा धरून त्यांनी खाली हाक दिली, "माती टाकली का रं कोनी?"

खाली सेक्रेटरी स्कूटर लावीत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिले, गेटजवळच्या कुंडीतून मूठभर माती उचलून पाटीत टाकली आणि हात झटकीत वर पाहिले. "टाकली, काका. जेवून घ्या आता."

पार्किंगमध्ये पाणी शिरत नाही ते पंपांमुळे, हे व्याह्यांनाही ठाऊक आहे. तरी ते समाधानाने पानावर बसले. सेक्रेटरींसाठी अर्ज मागे घेण्याचा मसुदा मी स्वखुशीने तयार ठेवला आहे. ते अजून न्यायला आलेले नाहीत. परवाच्या पुनवेला मात्र व्याह्यांनी हाक देण्यापूर्वीच पाटीत ताजी, ओली माती होती.