उंबऱ्याबाहेरचा रंगरूट

आमचे जोतीरामतात्या पलटणीतून हवालदार होऊन घरी आले आणि आमच्या दोन्ही घरांची झोप उडाली. दोन घरांत भिंत एकच. पहाटे पलीकडं ते खाकरले की अलीकडं मी उठून बसायचो. घागर कुठं ठेवायची, चपला कुणीकडं तोंड करून काढायच्या, म्हशीला पाणी कधी दाखवायचं, सगळ्याचा हुकूम सुटायचा. माणूस वाईट नव्हता, पण त्यांच्याजवळ घटकाभर बसणं म्हणजे शिक्षाच होती. चुलते असले म्हणून खोटं कशाला बोलू?

ऋषिराज त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याला कोल्हापूरला भरतीला नेलं, तर तो धावण्यात मागं पडला आणि बापाला तोंड दाखवायचं कसं म्हणून परस्पर सांगली गाठून हळदीच्या पेढीवर कामाला लागला. दिवाळीला घरी आला तेव्हा तात्या दारात आडवे उभे राहिले. "अंगावर वर्दी चढल्याबिगर ह्या उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा न्हाई," म्हणाले. पोरगं बापाच्या शब्दाबाहेरचं नव्हतं. पिशवी उचलून तसंच माघारी गेलं. तेव्हापासून विजयमालाकाकी सणासुदीला डबा घेऊन कोरेगावच्या एसटी स्टँडवर जायची आणि लेकाला तिथल्या बाकावर बसवून पुरणपोळी खाऊ घालायची. तात्यांना हे ठाऊक होतं. घरात त्यावर कुणी बोलत नसे.

शहाण्णव साली सुगी उरकल्यावर जतकडच्या मेंढपाळांनी तात्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली. जाताना त्यांनी एक पिल्लू दिलं, तांबूस रंगाचं, लांबट तोंडाचं. तात्यांनी त्याचं नाव ठेवलं रंगरूट. पलटणीत नव्यानं भरती झालेल्या पोराला म्हणतात ते. काकीच्या तोंडात त्याचं रंग्या झालं.

आमच्याकडं कुत्रं उंबऱ्याच्या आत घेत नाहीत, त्याची भाकरी पडवीतच. पण पिल्लाला हे काय कळणार? ते वासावर थेट चुलीपाशी जायचं. दुसऱ्या घरी एक लाथ बसली असती आणि विषय मिटला असता. तात्यांनी लाथ मारली नाही, हे कबूल करायला हवं. ते मुठीत भाकरीचा तुकडा धरून पडवीत मांडी घालून बसायचे. पिल्लाचा पाय उंबऱ्यावर पडला की त्याच्या छातीला हात लावून हळूच मागं सारायचे आणि म्हणायचे, "रुक." थांबलं की तुकडा द्यायचे. सकाळ-संध्याकाळ हेच. त्या माणसाला एवढा धीर धरताना मी कधी पाहिलं नव्हतं. ऋषिराजच्या वाट्याला त्यातला पावशेरसुद्धा आला नाही, याचा मला रागच यायचा.

रंगरूट बघता बघता पक्का झाला. मटणाच्या दिवशी तात्या मुद्दाम हाडूक उंबऱ्याच्या आत ठेवायचे आणि आल्यागेल्याला दाखवायचे. पिल्लाच्या तोंडातून लाळ गळायची, पण ते जागचं हलायचं नाही. "ह्याला म्हणत्यात शिस्त," तात्या म्हणायचे. काकी तेवढ्यात काहीतरी काम काढून परड्यात निघून जायची.

पौषात थंडी मी म्हणत होती, आणि पिल्लानं खाणं सोडलं. उलट्या सुरू झाल्या, मग रक्ताची हगवण लागली. काकीनं जायफळ उगाळून चाटवलं, ताक पाजलं, काही थांबेना. तात्यांनी कोरेगावहून गुरांचा डॉक्टर आणला. तो म्हणाला, "हा पिल्लांचाच रोग. लहानपणी लस द्यायची असते." आमच्या गावात तोवर कुत्रं चावल्यावर माणूस इंजेक्शन घ्यायचा, कुत्र्यालाही द्यायचं असतं हे कुणाला माहीत? डॉक्टरनं चुलीजवळ पोत्यावर पिल्लाला निजवलं, पायात सुई घातली, सलाईनची बाटली खुंटीला टांगली आणि बजावलं, "ऊब मोडू देऊ नका. पडवीच्या गारठ्यात ठेवलंत तर हातचं जाईल."

डॉक्टरची फटफटी वेशीपर्यंतही गेली नसेल, तोच रंगरूटनं डोळे उघडले. आपण कुठं पडलोय ते त्याच्या ध्यानात आलं. ते लटपटत उठलं आणि सरपटत दाराकडं निघालं. सुई उपसून आली. सारवलेल्या जमिनीवर रक्ताची ओळ उठवत ते उंबऱ्यापलीकडं जाऊन पडलं, आणि मान उचलून त्यानं तात्यांकडं बघितलं. आता तुकडा मिळेल म्हणून बघत होतं.

तात्यांनी उचलून आत आणलं, ते पुन्हा बाहेर गेलं. बांधून ठेवलं तर दोरीला असे हिसके द्यायला लागलं की तोंडातून रक्त आलं, म्हणून सोडावं लागलं. मग तात्या आत चुलीपाशी बसून हाका मारू लागले. आधी हुकूम झाला. मग गूळभाकरी दाखवून झाली. शेवटी त्यांचा आवाज चिरकला. "ये की रं बाळा. आत ये. म्या सांगतोय न्हवं?"

पिल्लू बाहेर कुडकुडत शेपटी हलवत राहिलं. त्याला आत यायचा शब्द कुणी शिकवलाच नव्हता.

काकी मघापासून भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "आवं, कशाला बोलावताय? तुमचं ऐकणारं आत येत न्हाई. माझ्या पोटचं तरी कुठं आलं?" आणि ती रडली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना ऐकलं नव्हतं, आणि आमची भिंत तर एकच.

तात्या उठले. कोपऱ्यातली पहार घेतली आणि उंबऱ्याच्या बुडात घातली. शेजारच्या भामाबाई धावत आल्या. "आवं हवालदार, घराची लक्ष्मी हाय ती, हात लावू नगासा." तात्यांनी ऐकलं नाही. हळदकुंकवानं माखलेला तो सागवानी उंबरा, त्यांच्या आईनं पुजलेला, त्यांनी मुळापासून उपटला. मीही मग दुसऱ्या टोकाला हात लावला.

रंगरूटनं रिकाम्या जागेची माती हुंगली. मग पोट ओढत, थांबत थांबत ते आत आलं. तात्यांच्या पावलावर त्यानं हनुवटी टेकली.

पण फार उशीर झाला होता. डॉक्टर पुन्हा आला, पुन्हा सुई लावली, तरी दुसऱ्या दिवशी दुपारी चुलीजवळच पिल्लू गेलं. तात्यांनी त्याला बांधावर पुरलं आणि घरी येऊन अंगणातच बसून राहिले. काकीनं दोनदा बोलावलं तेव्हा आत गेले.

आठवड्यानं कोंडीबा सुतार उंबरा बसवायला आला. तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पोरगं येऊन जाऊ दे, मग बसवू." दुसऱ्या दिवशी पलटणीतला कोट घालून ते सांगलीला गेले. मला सोबत घेतलं. पेढीच्या दारात ऋषिराज हळदीनं पिवळे झालेले हात पुसत बाहेर आला. बापाच्या पाया पडला, चहा मागवला. तात्या मोठ्या मुश्किलीनं म्हणाले, "घरी चल."

ऋषिराजनं चहाचा पेला त्यांच्यापुढं केला. त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "वर्दी कुठं मिळाली, तात्या," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत आम्ही दोघंच होतो.

याला आता दोन पावसाळे झाले. उघड्या दारातून पाणी थेट सोप्यात येतं, काकी ते पुसून काढते. उंबरा पडवीत भिंतीला टेकवून ठेवलाय. सणाच्या दिवशी काकी त्याला तिथंच हळदकुंकू लावते आणि डबा घेऊन कोरेगावच्या स्टँडवर जाते.