थिओडा मॅथ्युरिन गप्प नव्हत्या

दि. २८ मार्च २०२३, मंगळवार. आमच्या माध्यमिक शाळेत दुपारी झालेल्या इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत श्रीमती थिओडा मॅथ्युरिन यांना शून्य गुण देण्यात आले. शेरा असा : 'उमेदवार गप्प राहिली.' हा शेरा खोटा आहे, अशी नोंद मी त्यांचा शिक्षक म्हणून करीत आहे.

थिओडा चव्वेचाळीस वर्षांच्या. आमच्या आन्स माबो गावच्या दवाखान्यात त्या बावीस वर्षे फरशी पुसत आल्या. म्हाताऱ्यांची क्वेयोल बोली परदेशी डॉक्टरला उमगत नाही, तेव्हा बादली बाजूला ठेवून त्यांचे दुखणे इंग्रजीत सांगतात त्या थिओडाच. तरीही परिचारिकेच्या मदतनीस व्हायचे तर शालान्त इंग्रजीचे प्रमाणपत्र हवे, आणि तेही पंचेचाळिशीच्या आत. म्हणून गेली दोन वर्षे त्या माझ्या संध्याकाळच्या वर्गात येत होत्या. बाकावर त्यांना स्वस्थ बसवत नसे. निम्मा धडा त्या खिडकीशी उभ्यानेच ऐकत.

दवाखान्यातली स्वयंपाकीण इर्मिन त्यांना छळायची.

"काय गं, आता फरशी इंग्रजीत पुसणार का?"

"पुसेन की! आणि तुझ्या रश्शातल्या चुका लाल शाईनं काढेन."

"बाई गं! मग वही पुरायची नाही तुला."

परीक्षेच्या दिवशी त्या व्हरांड्यात तासभर येरझाऱ्या घालीत होत्या.

"सर, सुरुवात कशी करू?"

"गोष्ट तुमची स्वतःची आहे. आधी ऐकणाऱ्याला आपल्याकडे ओढून घ्या," मी म्हणालो. हे मीच म्हणालो, हेही नोंदवून ठेवतो.

वादळात दवाखान्याचे छप्पर उडाले, ती गोष्ट त्यांना सांगायची होती. वेळ चार मिनिटे. त्या उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "टिम टिम!"

आपल्याकडे सांगणाऱ्याच्या या हाकेला ऐकणाऱ्यांनी 'ब्वा सेश' असे उत्तर दिल्याशिवाय गोष्ट सुरू होत नाही. पुढे रेटणे म्हणजे समोरच्याचा अपमान. राजधानीहून आलेले परीक्षक प्लासिड यांनी मान वर केली नाही. थिओडा थांबल्या. पुन्हा, "टिम टिम!" घड्याळ चालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले. उपस्थित शिक्षकाने बोलू नये असा नियम आहे. मी तो पाळला. तिसरी हाक जरा चिरकली. मग घंटा वाजली.

"साहेब, उत्तर तुम्हालाही ठाऊक होतं," मी नंतर म्हणालो.

"ठाऊक होतं हो. पण उत्तर देणं माझ्या कामात बसत नाही."

थिओडा दारातच उभ्या होत्या. "त्यांनी 'हूं' जरी केलं असतं ना सर, तरी मी सुटले असते," एवढे म्हणून त्या कामाच्या पाळीला निघून गेल्या.

गुण मंडळाकडे शुक्रवारी, ३१ तारखेला दुपारी बारा वाजता जातील. पुढल्या परीक्षेपर्यंत थिओडांचे वय उलटलेले असेल. म्हणून वाचकहो, गुरुवारी शाळेच्या कचेरीत या आणि थिओडांची तोंडी परीक्षा पुन्हा घ्यावी, या अर्जावर सही करा.