क्लबचा हात

फिंटन मलक्वीन आमच्या ड्रमकीलच्या गेलिक, म्हणजे अस्सल आयरिश खेळांच्या क्लबचे जिल्हा मंडळावरचे प्रतिनिधी. कधीपासून, असं विचारलं तर गावात म्हणतात, चर्चचं छप्पर नवं होतं तेव्हापासून. ते छप्पर आता दोनदा गळून झालं. दुसऱ्या कुणाला हे काम नको असतं. महिन्याच्या महिन्याला थंडगार सभागृहात बसून तिकिटांच्या दरावर चाललेली भांडणं ऐकायची, कोमट चहा प्यायचा आणि घरी यायचं. वर गावातले शहाणे विचारणार, "तिथे झोपा काढायला जाता काय?"

त्यांची नजर अधू झाल्यापासून त्यांना नेण्या-आणण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी शेजारीण, शिवाय क्लबची सेक्रेटरी, म्हणजे हक्काची बिनपगारी. कमरेमुळे त्यांना गाडीत अर्ध्या तासापुढे बसवत नाही. जिल्ह्याचं मैदान वीस मिनिटांवर आहे म्हणून निभावतं.

आमच्यात पद्धत अशी की प्रश्न आधी गावच्या क्लबात येतो. तिथे हात वर होतात आणि जे ठरेल ते प्रतिनिधीने जिल्ह्याच्या बैठकीत जसंच्या तसं नेऊन ठेवायचं. त्याचं स्वतःचं मत असलं तर ते गाडीत ठेवून जायचं. बरेच प्रतिनिधी इथे थोडी चलाखी करतात. नेमक्या वेळी खोकला येतो, फोन घ्यायला बाहेर जावं लागतं. फिंटन कधी गेले नाहीत. एकदा मैदानावर दिवे बसवायची सूचना त्यांनी स्वतःच मांडली होती. क्लबला ती पटली नाही, तर या गृहस्थाने जिल्ह्यात जाऊन स्वतःच्याच सूचनेविरुद्ध हात वर केला. लोक हसले. मीही हसले. मागाहून मला जरा रागच आला, कारण अशा माणसाजवळ राहिलं की आपल्या खोट्या खोकल्याची लाज वाटते.

आता त्या मैदानाबद्दल. फिंटन तरुणपणी हर्लिंगच्या, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाच्या, जिल्हा संघात निवडले गेले होते. आईने जर्सीला इस्त्री केली, गावातून दोन गाड्या भरून माणसं गेली, आणि फिंटन अख्खा सामना त्या मैदानाच्या कडेला बाकावर बसून राहिले. पुन्हा कधी बोलावणं आलं नाही. मुलाला खेळाचं वेड नव्हतं. डर्व्हला नावाची नात गेलिक फुटबॉल, म्हणजे हातापायांनी खेळायचा आमचा देशी फुटबॉल खेळायची, पण गावापुरतं. मलक्वीनांपैकी कुणी त्या गवतावर खेळलं नाही. दर महिन्याला बैठक संपली की फिंटन कुंपणाशी पाचेक मिनिटं उभे राहायचे. पावसात मी गाडीतून हॉर्न वाजवायची.

डर्व्हला नर्स झाली, आणि तिचा खरा हात सॉकरमध्ये, म्हणजे जगभरच्या फुटबॉलमध्ये आहे हेही तेव्हाच कळलं. गोलरक्षक म्हणून ती अशी काही उडी घ्यायची की माझ्यासारख्या अडाणी बाईलाही टाळी वाजवावीशी वाटे. गेल्या वर्षी गावच्या मुलींचा सॉकर संघ प्रांताच्या अंतिम सामन्यात पोचला. पण त्यांचं मैदान नदीकाठचं. त्या हिवाळ्यात तिथे बदकं पोहत होती. जिल्ह्याचं मैदान फक्त गेलिक खेळांसाठी; मंडळाने खास परवानगी देऊन ते दिलं तर सामना इथे होणार, नाहीतर समोरच्या संघाच्या गावी, तीन तासांवर. म्हणजे फिंटनना तो दिसणार नाही. आणि उन्हाळा संपला की डर्व्हला ऑस्ट्रेलियाला निघणार होती. तिच्या वर्गातल्या अर्ध्या मुली आधीच तिकडे गेल्यात.

"नोरीन," ते मला एकदा म्हणाले, "एकदा त्या गवतावर ती दिसली ना, तर मी पुन्हा काही मागणार नाही."

मला त्यांच्या तोंडून काही मागणं ऐकायची सवय नव्हती.

प्रश्न क्लबात आला गुरुवारी. आमची बैठक गुरुवारीच असते, आणि ती बदलायची म्हटलं तर त्यासाठी वेगळी बैठक घ्यावी लागेल. कपडे बदलायच्या खोलीत, ओल्या मोज्यांच्या वासात आम्ही बसलो.

अध्यक्ष पॅट्सी गार्विन उठले. "जिल्ह्याचं मैदान आपल्या बापजाद्यांनी फावड्याने सपाट केलंय. आज कुणी यायचं नि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसायचं?"

"आणि प्रेक्षकांचा नवा स्टँड कुणाच्या पैशाने झाला, पॅट्सी?" मागून दूधवाला मॉस म्हणाला. "सरकारच्याच ना? मंत्री फीत कापायला आला तेव्हा तूच शेजारी दात काढून उभा होतास. फोटो आहे."

"सरकारने दिले ते आपल्या खेळाला दिले."

"सरकारकडे काय गाय आहे पैसे देणारी? माझ्या करातले आहेत. सॉकरवाल्या पोरींच्याही करातले आहेत."

"त्यांनाही सरकार देईल की! मागावेत त्यांनी."

"मागितले होते. बदकं मिळाली."

हशा पिकला. फिंटन काठीवर भार देऊन उभे राहिले. ते क्लबात क्वचित बोलत. "एक दिवस गेट उघडलं म्हणून गवत बाटत नाही," एवढंच बोलून ते बसले. सभासद म्हणून त्यांनी हात वर केला तो 'द्यावं' याच बाजूने.

तीन मतांनी हरलो. मी हात मोजले आणि मग खोलीभर नजर फिरवली. पांढरी डोकी, टकली डोकी. एकही तरुण चेहरा नाही. सगळे गेले कुठे, याचा उलगडा मला घरी जाताना झाला. नदीपलीकडच्या शाळेच्या आवारात दिवे लागले होते आणि पोरींचा सराव चालला होता. त्यांतल्या निम्म्या आमच्या क्लबच्या सभासद. बैठकीचा निरोप मी फोनवर सगळ्यांना पाठवला होता. डर्व्हलाने त्याला उत्तर म्हणून अंगठ्याचं चित्रही पाठवलं होतं.

पुढच्या आठवड्यात मी फिंटनना घेऊन जिल्ह्याच्या बैठकीला निघाले. गाडीत माझ्याने राहवेना.

"फिंटन, मी तुमच्या जागी असते तर सरळ 'द्यावं' म्हणून हात वर केला असता. कोण विचारणार आहे? इतकी वर्षं राबलात, एक दिवस तरी स्वतःचं बघा."

"आणि पॅट्सीला काय सांगू?"

"पॅट्सी गेला खड्ड्यात."

"पॅट्सीचं मत मला पटत नाही," ते म्हणाले, "पण ते त्याने माझ्याकडे दिलंय ना विश्वासाने. ते मी वाटेत गिळू?"

"मग खोकला तरी काढा."

ते हसले. मग काचेबाहेर बघत म्हणाले, "दमलो गं मी, नोरीन. खरंच दमलो."

मी त्यांचा तो आवाज कधी ऐकला नव्हता. गाडी वळवून घरी न्यावी असं मनात आलं. नेली नाही.

नवं सभागृह सरकारी पैशातूनच झालेलं. एक अख्खी भिंत काचेची, आणि खाली ते गवत, सभागृहाच्या उजेडात हिरवंगार. फिंटनना ते धूसरच दिसत असणार, तरी खुर्ची त्यांनी काचेकडे तोंड करून लावली. तीच भाषणं पुन्हा झाली, फक्त पॅट्सीपेक्षा लांब. मग परवानगी द्यावी म्हणणाऱ्यांना हात वर करायला सांगितलं. फिंटनचा हात मांडीवर होता. देऊ नये म्हणणाऱ्यांची पाळी आली. त्यांनी काठी खुर्चीला टेकवली आणि हात वर केला, अर्धवट नाही, पुरता. मोजणी दोनदा झाली. एका मताने परवानगी नाकारली गेली.

त्या दिवशी ते कुंपणाशी थांबले नाहीत. सरळ गाडीत येऊन बसले.

स्वयंपाकघरात डर्व्हला वाट बघत होती. बातमी आमच्याआधी पोचली होती.

"एका मताने, आजोबा? एका?"

"हो."

"तुम्ही काय केलंत?"

"क्लबने सांगितलं ते."

तिचं तोंड उतरलं. "म्हणजे तुम्हीच. तुम्हीच पाडलंत! माझा शेवटचा सामना होता इथला, आणि तुम्ही..."

मला तोंड आवरेना. "क्लबात तीन मतांनी पडलं, पोरी. त्या गुरुवारी सरावाला आपल्या क्लबच्या तुम्ही किती जणी होतात?"

ती मनात मोजायला लागली. मी तिच्याकडे बघत होते. तीनच्या पुढे गेल्याचं मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. ती खुर्चीवर बसली आणि फिंटनच्या बाहीला हात लावला.

"मला वाटलं, तुम्ही आहात ना तिथे."

"होतो की," फिंटन म्हणाले. "मी असतोच. पण मला हात एकच आहे."